राजकन्येच्या अंगावर न टिकणारे पाणी

एका राज्यात हिवाळा असा कोरडा पडे की झाडांच्या पानांचा गळून पडण्याआधी फांदीवरच चुरा होई. तिथला राजा अरिमर्दन. त्याला एकुलती एक कन्या, मृगांका. ती हसली की बागेतल्या मोगऱ्याला अवेळी कळ्या येत, आणि याचे तिथे कुणालाच नवल वाटत नसे.

एका मार्गशीर्षात रुक्षकेतू नावाचा मांत्रिक महालाच्या न्हाणीपाशी आला. तहानेने त्याचा घसा सुकला होता. त्याने तांब्याभर पाणी मागितले. मुख्य दासी गोजराबाई म्हणाली, "हे राजकन्येच्या स्नानाचे पाणी आहे. पुढे चला."

मांत्रिक जागचा हलला नाही. "मला न मिळालेले पाणी तिच्या अंगावरही टिकणार नाही. पौष पौर्णिमेला सूर्य मावळताना तिची मातीची मूर्ती होईल," असे म्हणून तो चालू लागला.

दुसऱ्या दिवसापासून मृगांकेची त्वचा तडकू लागली. गालांना भेगा, ओठांना चिरा. हसली की रक्त येई, म्हणून ती हसेनाशी झाली. न्हाणीतला रिवाज मात्र चोख चालला होता. आधी चपचपीत तेल, मग कढत पाणी, मग उटण्याने खसाखसा घासणे आणि शेवटी अंग लालबुंद होईतो पंच्याने पुसणे. भेग वाढली की पाणी आणखी कढत! माया करावी ती अशी. एवढे करूनही गुण येईना, तेव्हा खापर तेलावर फुटले. राजघाण्याच्या केरोजी तेल्याला तळघरात कोंडले, त्याचा बैल जप्त झाला. कन्या वाचली नाही, तर त्याचेही मस्तक उडणार होते.

केरोजीची लेक भिवरा घाण्याभोवतीच लहानाची मोठी झाली होती. बापाच्या तेलात खोट नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. रडत बसणे तिच्या स्वभावात नव्हते. तिने भाकरी बांधली, तेलाची बुधली कमरेला लावली आणि उत्तरेच्या सरोवराची वाट धरली. तिथे हिवाळ्यात चक्रवाक पक्षी उतरत आणि त्यांना माणसांचे शाप ठाऊक असत.

एक म्हातारा चक्रवाक नुकताच डुबकी मारून वर आला होता. दिवसभर वाऱ्यापाण्यात राहूनही त्याचे पीस न पीस तुकतुकीत होते.

"पक्षिराज, शाप कसा तुटेल?"

"तीन कामे कर. ना कढत, ना गार असे पाणी आण. चुलीवर न चढलेले तेल आण. आणि पंच्याला जिंक."

एवढे बोलून त्याने शेपटीच्या मुळाशी चोच घासली आणि तिथले तेल ओल्या पिसांवर फिरवू लागला. भिवरा ते बराच वेळ पाहत राहिली.

तसे पाणी पश्चिमेच्या डोंगरातल्या झऱ्यात होते. त्यावर नागाचा पहारा होता. कोरड्या हवेने त्याची कात अंगाला चिकटून बसली होती आणि तो वेदनेने फूत्कारत होता. भिवरेने आधी त्याला झऱ्याच्या पाण्याने भिजवले, मग ओल्या अंगावर बुधलीतले तेल चोळले. कात अलगद निघाली.

"घागर भरून ने," नाग म्हणाला. "पाणी कोमटच राहील."

पण बुधली रिकामी झाली होती आणि घाण्याला बैल नव्हता. भिवरेने जू आपल्याच खांद्यावर घेतले. तीन दिवस ती घाण्याभोवती फिरली, तेव्हा तिळाचे तेल बुधलीभर निघाले. खांदे सोलवटले, पण पौर्णिमेच्या सकाळी ती न्हाणीच्या दारात हजर झाली.

मृगांकेची पावले घोट्यापर्यंत माती झाली होती. भिवरेने तिच्या अंगावर कोमट पाणी घातले. तोच गोजराबाई पंचा घेऊन पुढे सरसावली.

"बाई, थांबा."

"माझ्या सासूच्या सासूपासूनची रीत आहे ही!"

"मांत्रिक काय म्हणाला होता? पाणी टिकणार नाही. मग ते रोज पुसून तुम्ही कुणाची चाकरी करता?"

गोजराबाईचा हात वरच्या वर थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "तांब्याभर पाणी नाकारले तेही मीच," ती म्हणाली. "पोरीला मीच मारत होते."

भिवरेने ओल्या अंगावरच तेलाचा हात फिरवला. त्वचेवरचे थेंब पळायला वाट शोधू लागले. वाट मिळेना, तेव्हा मुकाट्याने आत मुरले. भेगा मिटल्या. पावलांवरची माती गळून पडली. पंच्याचे करायचे काय, हे न कळून गोजराबाईने तो स्वतःच्या डोक्याला गुंडाळला, आणि ते ध्यान पाहून मृगांका खदखदून हसली. ओठ फुटले नाहीत.

त्या दिवसापासून न्हाणीच्या दाराबाहेर वाटसरूंसाठी भरलेला रांजण असतो. पहिला तांब्या रुक्षकेतूने प्यायला, आणि गोजराबाईने तो आपल्या हाताने भरून दिला.

पण हे सारे नंतरचे. त्या सकाळी तळघरात केरोजीने ते हसू ऐकले, मोगऱ्याचा वास आत आला, आणि पहारेकऱ्याने कुलूप काढण्याआधीच त्याने घोंगडीची घडी घातली. "चला," तो म्हणाला, "घाण्यावर लेक एकटी असेल."