राजाची घोळ वरच्या जाळीवर

वाळूबंदरच्या राजवाड्यातलं धुरीघर पुन्हा कोसळलं! भिंती शाबूत होत्या; आतल्या जाळ्या तेवढ्या धडाधड खाली आल्या आणि महाराज चंद्रभानांची अख्खी घोळ मासळी निखाऱ्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मेजवानी होती. महाराज संतापले, आणि महाराज संतापले की प्रधान विसाजीपंतांना त्यांच्याहून जास्त संताप येई. प्रधानकी टिकायची म्हणजे एवढं करावंच लागतं.

धुरीघर होतं उंच आणि अरुंद. तळाशी नारळाच्या सोडणांची धुमी, वर चार पायांच्या जाळ्या एकीवर एक उभ्या, आणि त्यांवर मासे. रचण्याची रीत मात्र दरबारी. महाराजांचा मासा शेंड्यावर, त्याखाली पंतांची सुरमई, मग सरदारांचे बांगडे आणि तळाला नोकरांचे बोंबील. जाळ्याही मानाप्रमाणेच घडवलेल्या. महाराजांची जाड गजांची, नोकरांची तारेची. म्हणजे सगळ्या राज्याचा भार त्या तारेवर. ती वाकायची आणि राज्य खाली यायचं.

दोष अर्थातच धुरी राखणाऱ्या गोमाजी कोळ्याचा ठरला.

"खिळा ठोकायचा नाही, दोरी बांधायची नाही, मानाचा क्रम मोडायचा नाही," महाराजांनी फर्मावलं. "उद्या जाळ्या जागच्या हलता कामा नयेत."

"आणि पडल्याच," पंतांनी भर घातली, "तर गोमाजीनं आत उभं राहून त्या हातांनी धराव्यात. मासे तयार होईपर्यंत."

महाराजांना ही कल्पना फारच आवडली. "ठरलं. आमचा हुकूम मागे फिरत नसतो."

गोमाजीला आधीच दमा. त्याची बायको बायजा बाजारातून मासळीची पाटी घेऊन परतली, तेव्हा तो धुरीघरापाशी डोकं धरून बसला होता. त्यानं सगळं सांगितलं. बायजानं आत डोकावलं. या धुरात तो घटकाभरसुद्धा टिकायचा नाही. मग तिला राग आला, आणि राग आल्यावर बायजाचं डोकं फार छान चालायचं. तशीच ती दरबारात जाऊन उभी राहिली.

"म्हाराज, जाळ्या पक्क्या करते. फकस्त तुमची जाळी तळाला घेते."

"राजाचा मासा नोकरांच्या खाली?" पंत किंचाळले.

"उतरंडीत मोठं मडकं खाली आणि लोटकं वर ठेवतात, पंत. तुमच्या घरी कसं ठेवतात, मला ठावं नाय."

"मडक्याला मान नसतो," महाराज गुरकावले. "आम्हाला आहे. क्रम मोडायचा नाही, एकदा सांगितलं ना?"

शहाणपण सांगून इथे काही होणार नाही, हे बायजानं ओळखलं. तिनं पदर सावरला आणि आवाज अगदी मऊ केला.

"मान ऱ्हायलाच पायजे, म्हाराज. एवढंच सांगा, धूर खालून वर जातो का वरून खाली येतो?"

"खालून वर. हेही आम्हीच सांगायचं?"

"मग तो आधी कुणाला लागतो?"

"बोंबलांना."

"म्हंजे नोकरांचे बोंबील आधी धूर खाणार. त्यांनी टाकलेला सरदारांचे बांगडे खाणार, त्यांनी टाकलेला पंतांची सुरमई. एवढ्यांचं खाऊन झालं की उरलेला तुमच्या घोळीला. उष्टा."

महाराजांनी नकळत मिशा पुसल्या.

"हे कधीपासून चाललंय?"

"आपल्या आजोबांपासून," मागून कुणीतरी पुटपुटलं.

महाराजांनी पंतांकडे पाहिलं. पंतांना छताची नक्षी एकाएकी आवडायला लागली होती.

"आमची जाळी तळाला!" महाराज गरजले. "पहिला धूर आमचा!"

मग काय, जाड गजांची जाळी घोळीसकट खाली गेली आणि तारेची बोंबलांसकट शेंड्यावर चढली. गोमाजीनं सोडणं पेटवली. दुसऱ्या दिवशी महाराजांनी जातीनं येऊन जाळ्यांना काठीनं ढोसून पाहिलं. एकही हलली नाही.

पंतांना हे कसं पाहवणार? "पण महाराज, नोकरांचे बोंबील आपल्या डोक्यावर बसलेत! आणि आपला धूर त्यांनी खायचा?"

"पंत," बायजा म्हणाली, "राजाच्या ताटातलं उरलेलं मिळालं तर तुम्ही त्याला काय म्हणता?"

"प्रसाद," पंत सवयीनं बोलून गेले.

"तोच मिळतोय बोंबलांना. तुमच्या सुरमईलाबी. नको असंल तर काढून ठेवते."

पंतांनी घाईघाईनं, काढू नको म्हणून, मान हलवली. महाराज हसू लागले आणि हसता हसता मध्येच थांबले. आपला मान राखता राखता या बाईनं आपल्याला नेमकं कुठं नेऊन बसवलं, ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं होतं. मग तर ते पोट धरून हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी बायजाला दिलं आणि गोमाजीला धुरातून काढून सरकारी होडीवर नेमलं.

"राहता राहिला आमचा हुकूम," ते डोळे पुसत म्हणाले. "तो मागे फिरत नसतो. जाळ्या पुन्हा पडल्या, तर आत कुणीतरी उभं राहायलाच हवं."

"उभं ऱ्हाणारा उंच पायजे, म्हाराज," बायजा म्हणाली. "आमचा गोमाजी बुटका हाय. पंतांचा हात शेंड्यापर्यंत बरोबर पोचतो."