आबजीने राखला गाजराचा गुण

एका गावात एक भोळा माळी होता. नाव आबजी. मनाने साखर, पण सांगितलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. एकदा न्हावी "बस जरा, आलोच" म्हणाला आणि परगावी निघून गेला. आबजी अर्धी दाढी घेऊन दुसऱ्या दिवसापर्यंत तिथंच बसला.

त्याची बायको हौसा मात्र शहाणी. पण तिला एक दुखणं जडलं. दिवस मावळला की तिला दिसेनासं व्हायचं. आणि महिन्यावर धाकट्या बहिणीचं, शेवंताचं, लग्न आलेलं. तेही गोरज मुहूर्तावर, म्हणजे नेमकं दिवेलागणीला.

"पोरीला मी कडेवर घेऊन वाढवली," हौसा डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "अन् तिच्या डोक्यावर अक्षता पडताना मलाच दिसायचं न्हाई?"

आबजी तसाच उठला. तो तडक दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेला.

बाई म्हणाल्या, "या गोळ्या दे तिला. शिवाय गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला खाऊ घाल. गाजराचा केशरी रंग असतो ना, त्यातच डोळ्यांचा गुण."

आबजीने टोपलीभर गाजरं आणली. महिनाभर पुरावीत म्हणून किसली आणि घराच्या धाब्यावर रणरणत्या उन्हात पसरली. आठ दिवसांत कीस पांढराफटक.

"अरे देवा!" बाई म्हणाल्या. "उन्हाने रंग उडतो आणि रंगाबरोबर गुणही जातो. ओल्या फडक्यात गुंडाळायचं, अंधारात गार ठेवायचं."

"असं व्हय! आता न्हाई चुकायचा."

दुसऱ्या दिवशी हौसाने शेवंताच्या रुखवतासाठी शंभर कुरडया घातल्या. "उन्हात हायेत, ध्यान ठेवा," असं सांगून ती शेतावर गेली. उन्हात? आबजी धावतच बाहेर गेला. त्याने सगळ्या कुरडया ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि बाजेखाली अंधारात सारल्या. तीन दिवसांनी कुरडयांना दाढ्या फुटल्या. हौसाने कपाळावर हात मारला.

"कुरडईत कसला रे गुण?" बाई ओरडल्या. "मी भाजीचं सांगितलं!"

"भाजीचं! असं व्हय!"

मग आबजीने भाजीच करायला घेतली. शेवग्याचा पाला चुलीवर चढवला, तो न्याहारीपासून जेवणवेळेपर्यंत रटरटत ठेवला. पातेल्यात उरला तो काळा चिखल.

"इतकी आच दिली तर राहील काय त्यात?" बाईंनी आता हात जोडले. "झाकण ठेवायचं, दोन वाफा आल्या की उतरवायचं. आणि चमचाभर तेल घाल. तेलाशिवाय तो गुण अंगी लागत नाही."

"झाकण, दोन वाफा, तेल. आता न्हाई चुकायचा."

त्याच दिवशी सासरे लग्नाचं बोलावणं घेऊन आले. जावईबापूंनी कोंबडा कापला. वर चमचाभर तेल, झाकण, दोन वाफा, की पातेलं खाली. सासऱ्यांच्या तोंडात दोनच दात उरले होते. त्यातला एक त्या पंगतीत गेला.

तेव्हापासून हौसाने चूल आपल्या हातात घेतली. गोळ्या वेळेवर घेतल्या, भाज्या ताज्या आणल्या, बेताच्या शिजवल्या. आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अंगणात उभी राहून ती ओरडली, "अवो, कुंपणावरची कोंबडी दिसली मला!" आनंदाने तिला रडूच फुटलं.

नर्सबाईंनी तपासून सांगितलं, "गुण आला हो डोळ्यांना. आता जपा."

जपा! आबजीने तो शब्द मुठीत धरला.

लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत हौसा माहेरी राबली आणि घटकाभर धान्याच्या खोलीत आडवी झाली. आबजी दारात येऊन बघतो तर काय! खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर. मागच्या अंगणात आचाऱ्यांच्या चुली धडधडताहेत. इतक्या कष्टाने आलेला गुण, हा हा म्हणता उडायचा! त्याने खिडकी लावली. फडकं ओलं केलं, त्यावर चमचाभर तेल टाकलं आणि हौसाच्या डोळ्यांवर ठेवलं. तिला आणखीच गाढ झोप लागली. मग झाकण म्हणून बाहेरून कडी घातली आणि स्वतः राखणीला बसला.

दिवस मावळायला आला. वाजंत्री सुरू झाली. हौसा दचकून उठली आणि दार बडवू लागली.

"अवो, दार उघडा! मंगलाष्टका लागल्या!"

"झाकण काढू नगं. दोन वाफा येऊ दे."

"कसल्या वाफा? अक्षता पडायला आल्या!"

"म्हणून तर! आत्ताच गुण उडाला तर बघशील कशानं?"

वाजंत्र्यांच्या गलक्यात तिचा आवाज आणखी कुणाच्याच कानी गेला नाही. आत हौसा हुंदके देत राहिली. मांडवात अक्षता पडल्या.

शेवटी नवरी शेवंताच मुंडावळ्यांसकट अक्काला शोधत आली. तिने कडी काढली आणि हौसाच्या गळ्यात पडली. खोलीत दिवा नव्हता. तरी हौसाला बहिणीचा हळदीने उजळलेला चेहरा लख्ख दिसला. तिने तो दोन्ही हातांत धरून पोटभर बघून घेतला.

मग तिने मान वळवली. आबजी हसत उभा.

"दिसतंय का गं नीट?"

"दिसतंय की," हौसा दात खात म्हणाली. "म्होरं एक गाढव हुबं हाये."

आबजीचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो नर्सबाईंच्या दारात हजर.

"बाई, आणखी महिनाभराच्या गोळ्या द्या. हौसाचे डोळे अजून कच्चेच हायेत. मला ती वळखत न्हाई!"