गोड्या पाण्याचा तांब्या

करंजखारच्या सोनारआळीत कुणी दागिना पारखायला आणला, की सोनार आधी त्याच्या हातांवर गोडं पाणी ओततो आणि ओंजळीतून गळणारा एक थेंब स्वतःच्या जिभेवर घेतो. बाहेरगावचे पाहुणे हसतात. लहानपणी मीही हसले होते. तेव्हा मनोहरशेट आजोबांनी मला दुकानाच्या पायरीवर बसवून ही गोष्ट सांगितली. त्यानंतर नाही हसले.

फार पूर्वी म्हणे इथे दामशेट नावाचा पारखी होता. कसोटीच्या काळ्या दगडावर तो सोनं घासायचा, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचा. रेघ टिकली तर सोनं, विरली तर पितळ. त्याचा शब्द पार बंदरापर्यंत चाले, आणि दिलेला शब्द तो कधी फिरवत नसे.

खाडीकाठच्या मिठागरात धाकू आगरी आणि त्याची मुलगी पोशी राबत. पोशीचं लग्न ठरलं. मेलेल्या आईने ठेवलेली सोन्याची एक पुतळी, गळ्यात ओवायचं नाण्यासारखं पदक, एवढंच तिच्यापाशी होतं. नवऱ्यामुलाची आत्या म्हणाली, "मिठागरात सोना कदी पिकला? कसाला लावा."

पोशी कामावरून तशीच दुकानात आली, आत्याही बरोबर होती. पुतळी चकचकीत दिसावी म्हणून दामशेटच्या हाती देताना तिने ती पदराला पुसली. पदर मिठाने कडक झालेला. दामशेटने रेघ ओढली, थेंब सोडला. रेघ बघता बघता नाहीशी झाली.

"पितळ."

"माजे आयशीचा हाय ते, शेट. परत बघा ना."

"दामशेट दोनदा बघत नाही."

"आयशीनं पोरीलाबी फसवला!" आत्या म्हणाली. "पितळंची पोर, न् तोरा सोन्याचा!"

लग्न मोडलं ते पोशीने सोसलं असतं, असं सांगतात. आईवरचा तो बोल सोसला नाही. पुतळी मिठागराच्या बांधावर ठेवून ती भरतीच्या पाण्यात उतरली. परत आली नाही.

तिसऱ्या दिवशी धाकू पुतळी घेऊन आला. "शेट, पोर गेली. आता तरी खरा सांगा. तिचे आयशीनं फसवला का?"

गेलेल्या जिवाची वस्तू म्हणून दामशेटने ती गोड्या पाण्याने धुतली, कसोटीही धुतली. रेघ ओढली. थेंब सोडला. रेघ पिवळीजर्द, तशीच राहिली. त्याने पुन्हा थेंब सोडला. तरी तशीच. मग काय मनात आलं कोण जाणे, पुतळी धुतलेलं पाणी त्याने बोटाने जिभेला लावलं. खारट.

तेजाबात मीठ मिसळलं की ते अस्सल सोन्यालाही खातं, हे मी कॉलेजात शिकले. दामशेटला ते असं कळलं.

"खरं आहे रे धाकू. सोनंच आहे."

"आता कुनाला सांगू?" धाकू म्हणाला.

आजही सोनारआळीच्या प्रत्येक दुकानात गोड्या पाण्याचा तांब्या भरलेला असतो. आणि दागिना पुढे करताना एखादीचे डोळे भरून आले, तर सोनार कसोटी फडक्याखाली झाकतो. "बाय, घाई नाही," म्हणतो, आणि तिचं रडून होईपर्यंत तेजाबाच्या बाटलीचं बूच काढत नाही.