वगळलेला साग

मंडळी, साक्षीला कुणाला उभं कराल? छाती काढून ताठ उभा आहे त्याला, की कमरेत वाकलाय त्याला?

झाडांच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास करणाऱ्या विद्याधरने ताठ होते तेच साग धरले.

घाटातल्या धनगरवाड्याची जमीन भेगाळली होती. वाडा हलवायचा होता. नवी जागा विद्याधरनेच हेरली: सागाच्या रानाखालची ऐसपैस सपाटी. वरचा उतार पूर्वी कधी घसरलाय का, हे पाहायला त्याने सागांना पोकळ गिरमिट लावलं. पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी निघते, तिच्यावर झाडाची सालोसालची वलयं दिसतात; जमीन हलली असेल, तर ती बिघडलेली असतात. पेटीतल्या वरच्या थराचे आंबे असावेत, तशी एकेक कांडी देखणी. ‘डोंगर पक्का आहे’ असं त्याने वाड्याला सांगूनही टाकलं.

राहिली होती फक्त गुरूंची मान हलायची.

भार्गवबुवांची हयात दरडी का कोसळतात हे पाहण्यात गेलेली. ते उतार चढून आले.

मागून वाड्याचा कारभारी म्हाळू कोकरे आला. “सायेब, किती टोचायचं त्या झाडास्नी? ताप चढलाय का बघताय व्हय?”

विद्याधर हसला. बुवा रानाच्या कडेला एका सागापाशी थांबले होते. बुंध्यातच वाकलेला, दरीकडे झुकलेला.

“ह्याला का सोडलंस?”

“वाकडा आहे, बुवा. वलयं वेडीवाकडी येतात. पावसाचा अभ्यास करताना आम्ही असली झाडं धरतच नाही.”

“इथे पावसाचा अभ्यास करतोयस?”

“लाव गिरमिट,” बुवा म्हणाले.

कांडी निघाली. आतली वलयं सारखी. मग एकाएकी रुंद. तोल गेलेलं झाड स्वतःला सावरू लागतं, तशी. विद्याधरने मोजली. पुन्हा मोजली. हा साग झुकला, आणि बाकीचे सगळे त्यानंतर उगवले. सगळे एका वयाचे.

“म्हणजे आधीचं रान...”

बुवांनी काठी खालच्या सपाटीकडे केली.

विद्याधर बघत राहिला. घाटात एवढी सपाट जागा आयती मिळाली, याचं त्याला नवलसुद्धा वाटलं नव्हतं. डोंगरच होता तो, खाली येऊन बसलेला.

“मग उद्या खांब पुरायचे न्हवं?” म्हाळूने विचारलं. “बायामाणसं सामान बांधून बसल्यात.”

विद्याधर बुवांजवळ सरकला. आवाज खाली आणला.

“एकच झाड आहे, बुवा. बाकीची सगळी माझ्या बाजूने आहेत.”

बुवांनी त्याच्या हातातून कांडी घेतली.

“आता फिरलो, तर माझ्या शब्दाला काय किंमत उरेल?”

बुवांनी कांडी परत त्याच्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं मिटवली. खांद्याला धरून त्याला म्हाळूकडे वळवलं.

“तुझ्या शब्दाचा हिशेब लोक ठेवतील. तू डोंगराचा तेवढा खरा ठेव, बाबा.”