दरबारातला किराणा

त्या राज्यात राजा उरला नव्हता, दरबार मात्र उभा होता. शेवटच्या वाघाने गादी सोडल्याला तीन पिढ्या झाल्या होत्या. प्राणी आपला कारभार पंचायत बसवून आपणच चालवत होते, आणि बरा चालवत होते. दरबाराकडे कुणी फिरकत नसे. का फिरकावं? काम काय तिथे? तरीही परगावचा पाहुणा आला, की "तो आमचा दरबार" असं लांबून दाखवताना उंदराचीसुद्धा छाती फुगायची.

दरबाराची राखण यमुनाक्का नावाची म्हातारी घोरपड करायची. चाळीसच्या चाळीस खांब ती रोज स्वतः पुसायची. एका वर्षी पंचायतीने ठरवलं, की वापरात नसलेली ही इमारत पाडून तिचे दगड नव्या पुलाला लावावेत. अक्काला अन्न गोड लागेना. तेव्हा चिमाबाई नावाची खार पुढे आली. उन्हापावसात रस्त्यावर टोपली मांडून तिने धान्य विकलं होतं. ती म्हणाली, "पाडू नका, मला वापरायला द्या. सगळ्या नगराचा किराणा एका छपराखाली आणते."

"दरबारात डाळतांदूळ?" अक्का कडाडली.

"मग काय अक्का, पुलाखाली गेलेला चालेल तुम्हाला?"

पंचायत तयार झाली. अक्काने एकच अट घातली: सिंहासन जागचं हलवायचं नाही. ते गेलं तर मीही गेले.

चिमाबाईने शब्द पाळला. एकाही खांबाला खिळा न मारता मांडण्या उभ्या राहिल्या. काचेची थंड कपाटं आली, सामानाच्या ढकलगाड्या आल्या. छतावरची काजळी धुतली, तर आत निळी नक्षी निघाली. ती अक्कानेही कधी पाहिली नव्हती. काय देखणं दुकान झालं म्हणून सांगू! असं दुकान पंचक्रोशीत नव्हतं, आजही नाही.

पहिल्या दिवशी सारं नगर लोटलं आणि तिथेच घोळ झाला. सिंहासनाला पाठ दाखवायची नाही, ही दरबाराची जुनी रीत. राजा गेला म्हणून रीत थोडीच जाते? सामान घेतलेला जो तो मान लववून उलट्या पावली दाराकडे निघाला. सशाची गाडी साळिंदरावर आदळली. तेलाची बरणी फुटली. शेवटच्या राजाचा पणतू आता नगरातच साधेपणाने राहत होता, तोही दुधाची किटली घेऊन उलटाच चालला आणि मिरच्यांच्या राशीत बसला.

पंचांनी कपाळाला हात लावला. "असं चालायचं नाही. सिंहासन काढा, नाहीतर दुकान. दुकान गेलं तर इमारत पाडायची, हे ठरलेलंच आहे."

चिमाबाईने अक्काकडे पाहिलं. "तुम्ही सांगाल तसं, अक्का."

सिंहासन काढायचं तरी कुठल्या तोंडाने? आणि दरबार पडू द्यायचा तरी कसा? इतक्यात अक्काला गोदूबाई दिसली. ही म्हातारी उंदरीण तांदळाची पिशवी ओढत उलटी चालली होती, आणि तिचे पाय लटपटत होते. टेकायला जागा कुठेच नव्हती, कारण दरबारात राजाखेरीज कुणी बसतच नसे. अक्काने तिच्या हातची पिशवी घेतली आणि तिला थेट सिंहासनापाशी नेलं.

"बसा."

"अगं बाई! मी?"

"बसा म्हणते ना! राखण माझी आहे."

गोदूबाई बसली. अक्काने पिशवी तिच्या शेजारी ठेवली. तेवढ्यात गोदूबाईला सशाची सून कडेवर पोर घेऊन उलटी चाललेली दिसली आणि ती ओरडली, "अगं ए, समोर बघून चाल की! पडशील!"

सिंहासनावरून आलेला हुकूमच तो. मोडायची कुणाची प्राज्ञा! सून वळली. तिच्यामागे एकेक करत सगळे वळले आणि ताठ मानेने दाराकडे चालू लागले. अक्काचे डोळे भरून आले, आणि ते तिने लपवलेही नाहीत.

राजाचा पणतू तेवढा मागे राहिला होता. अंगाच्या मिरच्या झटकत तो सिंहासनापुढे आला. "आजी, कंबर फार दुखतेय हो. तुमचं झालं की सांगाल का?"

गोदूबाईने पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.