कड्यावरचे पांढरे ओघळ

फार फार वर्षांपूर्वी, किनाऱ्यावर दीपगृहाचा दिवाही नव्हता तेव्हा, काळकड्याच्या पायथ्याच्या गावात येसू नावाची भंडारीण राहायची. माडी काढताना नवरा माडावरून पडून गेला. मग तिनं त्याचाच दोर कमरेला बांधला आणि स्वतः माड चढू लागली. बाईमाणूस आणि माडावर! तेव्हापासूनच गाव तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघू लागलं, असं म्हणतात.

एका माघात कड्यावर पांढरे ओघळ दिसू लागले. आज इथं, उद्या तिथं, समुद्रातून सहज नजरेत भरतील असे. माडीच्या मडक्यांना फासायचा चुना येसूच्याच घरात. मग काय! ही लुटारूंच्या गलबतांना खुणा करते, अशी कुजबुज चुलीचुलीशी पोचली.

गावच्या प्रमुखानं, गावकरानं, चिमाला बोलावलं. चिमा ही येसूची धाकटी जाऊ, पान पडलं तरी दचकणारी.

"तिच्या मागनं जा आणि काय करते ते बघून ये. मग ठरवू, गावात ठेवायची का वाळीत टाकायची."

चिमा गेली. सकाळभर येसू गवतात उताणी पडून नुसती आभाळाकडे बघत होती. घारी गेल्या, कुरव गेले, ती हलली नाही. मग दगडासारखा एक ससाणा कोसळला, पारव्याची पिसं उडाली, आणि शिकार घेऊन तो उत्तरेच्या कपारीत शिरला. येसूनं ते नीट पाहिलं. आणि उठून गेली दक्षिणेला! दोर सोडून एका रिकाम्या कपारीत उतरली आणि खडकावर चुन्याची बोटं ओढू लागली.

वर करवंदीत लपलेल्या चिमाच्या पायाखालचा खडा निसटला.

"ये गो चिमे," येसू वर न बघताच म्हणाली. "करवंदीत बसून काटे टोचले नाहीत?"

"लुटारूंना बोलावता काय हो, जाऊबाय?"

"लुटारू देवळात उतरलेत. सरदाराची माणसं, शिकारीसाठी ससाण्याची पिल्लं धरायला आलेली. पाखरांच्या शिटेचे ओघळ बघून घरटी हुडकतात. हुडकू देत आता माझी खोटी!"

"पाखरांसाठी एवढं?"

"धुक्यात तुझ्या घोवाची होडी कड्यावर का आपटत नाही? वरनं ती ओरडतात म्हणून."

चिमाला पटेना. चोर पकडला गेला की असंच काहीतरी सांगणार! तिनं गावकराला एवढंच सांगितलं, चुना जाऊबायचाच आहे. बाकीचं गिळलं.

दुसऱ्या सकाळी पंच बसले. येसू आलीच नाही. पळाली, म्हणाले सगळे. इतक्यात असं धुकं उतरलं की समोरचा माणूस दिसेना, आणि चिमाच्या नवऱ्याची होडी समुद्रात.

तेव्हा कडा ओरडला. ससाण्यांची कर्कश हाक एका कपारीतून उठली, दुसरीतून उठली. जिथं घरटं कधी नव्हतंच, त्या चुन्याच्या रिकाम्या कपारींतूनही उठली, असं म्हणतात. चिमाच्या नवऱ्यानं हाक ऐकून सुकाणू वळवलं. होडी सुखरूप वाळूला लागली.

धुकं विरलं तेव्हा कड्यावर येसूचा दोर लोंबत होता, टोकाला ओला चुना. येसू कुणालाच सापडली नाही. पडली की पाडली? सरदाराची माणसं मात्र त्याच दुपारी रिकाम्या हातांनी निघून गेली. गिळलेलं सगळं चिमानं तेव्हा पंचांपुढे ओकलं. फार उशिरा.

अजूनही माघात चिमाच्या घरची सून एका रिकाम्या कपारीला चुना फासून येते. आणि परक्या माणसानं ससाण्याचं घरटं विचारलं, तर म्हाताऱ्यापासून लेकरापर्यंत सगळं गाव एकाच दिशेला बोट दाखवतं. तिकडे घरटं नसतं. काळकडा कुठं आहे म्हणून विचाराल, तर गोष्ट सांगणाराही तसंच बोट दाखवील.