ठकू कासारणीच्या बिनमसाल्याच्या बातम्या

ठकू कासारणीने शहरात बांगड्या खुशाल भराव्यात, पण तोंड मिटून, असा हुकूम कुरंगपूरच्या राजवाड्यातून सुटला आणि निम्म्या शहराने बांगड्या भरणंच पुढे ढकललं.

बांगड्या हे नुसतं निमित्त असे. हात पुढे करायचा आणि ठकू एकेक बांगडी चढवत असताना तिच्या तोंडून शहराच्या बातम्या ऐकायच्या, यासाठी बायका येत. बातम्या चावडीवरही मिळत. तिथे सरकारी कारकून रोज सकाळी कागद वाचून दाखवी, आणि तो ऐकायला एक म्हातारा आणि दोन शेळ्या हजर असत. ठकू तीच बातमी सांगे, फक्त शेवटी पदरचं एक वाक्य जोडी. राजाच्या मेव्हण्याचं लग्न अकरा दिवस चाललं, तेव्हा ती म्हणाली होती, "अकरा दिवसांत आमचं लग्न लागून, भांडण होऊन, मी माहेरी जाऊन परतसुद्धा आले होते." ते वाक्य संध्याकाळी मेव्हण्याच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या सकाळी हुकूम निघाला.

दोन दिवस ठकूने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी ती दरबारात जाऊन उभी राहिली आणि हुकूम मागे घ्यावा म्हणून हात जोडून विनवू लागली. यशोधर महाराज एकदा नाही म्हणाले की नाहीच. माझ्या राज्यातल्या बातम्या मुळातच गोड आहेत, त्यांना तुझ्या तिखटमिठाची गरज नाही, असं त्यांनी सुनावलं.

ठकूच्या तोंडून निसटलं, "मग चावडीवर शेळ्याच का येतात, महाराज?"

दरबारात कुणीतरी खोकून हसू लपवलं. महाराजांचे कान लाल झाले.

"परवा इथे येऊन तू बातम्या सांगायच्या," ते म्हणाले. "सगळ्या खऱ्या हव्यात. पदरचं मत घालायचं नाही. आणि तरी दरबार हसला पाहिजे. मत घातलंस तर शहर सोडायचं. कुणी हसलं नाही, तरी सोडायचं."

ठकू घरी आली ती ओसरीवर डोकं धरून बसली. तिचा नवरा भिवा बांगड्यांच्या माळा लावत होता. भिवा आठवड्यातून एखादं वाक्य बोलायचा. हिरवी माळ त्याने तीनदा उचलली, तीनदा वेगळीकडे टांगली. आधीच वैतागलेली ठकू त्याच्यावर खेकसली, की एका माळेला किती नाचवणार?

भिवा म्हणाला, "एकटी असली की कुणी बघत नाही. पिवळीच्या शेजारी टांगली की डोळ्यांत भरते."

ठकू त्या दोन माळांकडे बराच वेळ पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी ती बांगड्यांची पेटी न घेताच शहरभर हिंडली. नदीकाठ झाला, शाळा झाली, हत्तीखाना झाला. कुंभारवाड्यात तिने गेल्याच आठवड्यात जिला चुडा भरला होता, ती पोर अंथरुणावर पडलेली दिसली. ठकूने तिचा हात हातात घेतला, तर तव्यासारखा तापलेला. तिथून निघताना ठकूची भीती गेली होती.

ठरल्या दिवशी दरबार गच्च भरला. महाराजांनी शेजारी लेखनिक बसवला, तिचा शब्द न् शब्द टिपायला. ठकू समोर येऊन उभी राहिली आणि चावडीवरच्या कारकुनासारखा कोरा चेहरा करून सांगू लागली.

"राजकवींचं नवं काव्य शाळेतल्या सगळ्या मुलांना पाठ आहे. पाठ होईपर्यंत मुलांना घरी सोडलं नव्हतं. शहरात नाटक मंडळी आली आहे. नाटकातल्या नायकाने परवा मिशी काढली. काल शहरातल्या दोनशे तरुणांनी मिशी काढली. प्रधानजी आज उपरण्याने तोंड झाकून बसले आहेत."

साठीच्या प्रधानांनी उपरणं आणखी वर ओढलं आणि दरबार फुटला. मानकरी मांड्यांवर थापा मारू लागले. ठकू मात्र हसली नाही.

"नदीवरच्या पुलाचं काल तिसऱ्यांदा उद्घाटन झालं. समारंभ आटोपल्यावर पाहुणे नावेतून पलीकडे गेले."

आता भालदारालाही हसताना हातातली काठी आवरेना. महाराजांच्या मिशीचं टोक हललं, पण त्यांनी ते दाबलं. हसू ओसरेपर्यंत ठकू थांबली.

"महाराजांच्या हत्तीचं पोट बिघडलं आहे. शहरातले चारही वैद्य तीन दिवस हत्तीखान्यात आहेत. कुंभारवाड्यात तीन दिवस तापाची साथ आहे."

कुणी हसलं नाही. महाराज ताडकन उठले.

"मत घातलंस तू. अट मोडलीस."

ठकूने नम्रपणे विचारलं, की कोणता शब्द पदरचा होता? लेखनिकाने कागद वरपासून खालपर्यंत वाचून दाखवला. खोटं काही नव्हतं, जास्तीचंही काही नव्हतं.

"शब्दांत नसेल," महाराज गरजले, "पण तुला म्हणायचंय ते कळतंय मला. या राजाला माणसांपेक्षा हत्तीची काळजी जास्त, हेच ना?"

ठकूने हात जोडले. "मी फक्त बातम्या सांगितल्या, महाराज. मत आपण घातलंत."

लेखनिकाचा बोरू थबकला. हेही टिपायचं का, ते त्याला कळेना. महाराज त्याच्याकडे पाहत राहिले, मग ठकूकडे, आणि एकाएकी मटकन सिंहासनावर बसून असे हसले, की मुकुट घसरून कानावर आला.

"म्हणजे अटीप्रमाणे शहर आता मीच सोडायचं?"

"पूल पुरा होईपर्यंत तरी थांबावं महाराजांनी," ठकू म्हणाली.

महाराजांना पुन्हा हसू आवरेना. त्यांनी हुकूम तिथेच फाडला, ठकूला जरीचं लुगडं आणि सोन्याचे बिलवर दिले, आणि रोज सकाळी चावडीवर कारकुनाच्या जागी तिनेच बसावं, असं फर्मावलं. मग वैद्यांना बोलावून कुंभारवाड्यात धाडलं. तीन वैद्य निघाले, चौथा घुटमळला. हत्तीचं कसं, असं त्याने विचारलं.

"तूही जा," महाराज डोळे पुसत म्हणाले. "हत्तीला ओवा मी चारतो."